पस्तीस चुकांचा शॉर्टस्टॉप: बेसबॉलमधल्या इनफिल्डरचं करिअर चालतं तरी कसं?

माझी भाची जळगावला शाळेच्या टीमकडून सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलचं धाकटं भावंड, खेळते. मध्यंतरी तिचा फोन आला, आवाज पार पडलेला, "मामा, सरांनी मला शॉर्टवरनं काढलं आणि सेकंडला टाकलं." मागनं ताई ओरडली, "अरे चांगला पहिला नंबर होता ना तिचा, आता दुसरा झाला!" आता ताईला काय सांगणार की सेकंड हा नंबर नाहीये, ती मैदानावरची जागा आहे. तासभर फोनवर समजावलं तरी अर्धंच झालं, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढू, की हे इनफिल्डर लोक नक्की करतात काय, त्यांचं प्रोफेशनल करिअर कसं चालतं, पैसे कधी हातात येतात, आणि जागा बदलली की रडायचं की पेढे वाटायचे. हे सगळं अमेरिकेतल्या एकाच बेसबॉलपटूच्या गोष्टीतून सांगता येतं, त्याचं नाव मार्कस सिमियन.

आधी स्कोअरबोर्डचं बघू. क्रिकेटमध्ये कोणी लॉलीपॉप कॅच सोडला तर आपण दोन दिवस शिव्या घालतो, पण स्कोअरकार्डवर त्याचा कुठे पत्ता नसतो, रन बिचाऱ्या बॉलरच्या खात्यात जातात. बेसबॉलमध्ये ही सोय नाही. तिथे प्रत्येक टीमच्या नावापुढे शेवटी तीन आकडे असतात, रन किती, हिट किती आणि एरर किती. म्हणजे चुका भर मैदानात दिव्यांच्या आकड्यांत दिसतात आणि कोणी केली ते नावानिशी रेकॉर्डला लागतं, कायमचं.

२०१५ ला सिमियन ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा शॉर्टस्टॉप होता आणि त्या एका सीझनला त्याच्या नावावर ३५ एरर लागले, अख्ख्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सगळ्यात जास्त. मी तेव्हा कंपनीच्या कामाने तिकडेच होतो, शनिवार-रविवारी करायला काही नसायचं, तिकीट स्वस्त मिळायचं, मग बार्ट नावाच्या तिथल्या लोकलने त्यांच्या मैदानावर, कोलिझियमला जाऊन बसायचो. एकदा शेजारी एक म्हातारे गोरे आजोबा होते, शॉर्टकडे बॉल सरपटत निघाला की ते टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचे आणि झालं की मलाच विचारायचे, काय झालं? मला तेव्हा नियमसुद्धा धड माहीत नव्हते, मी आपला गर्दीचा आवाज ऐकून सांगायचो.

तर मैदान. एक चौकोन घ्या आणि तो कोपऱ्यावर उभा करा, त्याला डायमंड म्हणतात. खालच्या टोकाला होम प्लेट, तिथे बॅटर उभा, त्याच्या उजवीकडे फर्स्ट बेस, समोर लांब सेकंड, डावीकडे थर्ड. एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंत ९० फूट, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर, सॉफ्टबॉलला हेच ६० फूट. या चौकोनाच्या मातीत चार जण उभे असतात. फर्स्ट बेसमन, सेकंड बेसमन, थर्ड बेसमन, आणि चौथा शॉर्टस्टॉप, जो सेकंड आणि थर्डच्या मधला पट्टा सांभाळतो आणि ज्याच्या वाट्याला स्वतःचा बेसच नाही. या चौघांना इनफिल्डर म्हणायचं, मागे गवतावरचे तिघे आउटफिल्डर.

बॅटरने बॉल जमिनीलगत मारला की त्याला पळावंच लागतं, "नको, थांब, परत जा" हा आपला गल्ली क्रिकेटचा डायलॉग तिथे नाही. ते ९० फूट पळायला साधारण बॅटरला सव्वाचार सेकंद लागतात, चपळ असेल तर चारच्या आत. तेवढ्या वेळात इनफिल्डरने बॉलपर्यंत पोचायचं, ग्लोव्हमध्ये घ्यायचा, ग्लोव्हमधनं दुसऱ्या हातात घ्यायचा आणि फर्स्टला फेकायचा, बॉल आधी पोचला तर आउट. थर्ड बेस ते फर्स्ट बेस हे सरळ अंतर १२७ फूट आहे आणि शॉर्टस्टॉप खोल उभा असला की त्याचा थ्रोही साधारण तेवढाच, कधी त्याहून लांब. शिवाय बॅटर जास्त करून उजव्या हाताचे आणि उजव्याने जोरात ओढलेला बॉल जातो त्याच बाजूला, म्हणजे जमीनही जास्त, बॉलही जास्त, थ्रोही लांब. जडेजाचा डायरेक्ट हिट आपण दहा वेळा रिप्लेला बघतो, शॉर्टस्टॉपला तशा जातीचं काम एका मॅचमध्ये चार-पाच वेळा करायचं असतं आणि अशा मॅच सीझनला १६२, जवळजवळ रोज. बरोबर केलं तर टाळीसुद्धा नाही.

आणि एरर ठरवतो कोण? अंपायर नाही. प्रेस बॉक्समध्ये बसलेला ऑफिशियल स्कोअरर ठरवतो की हा बॉल साधारण प्रयत्नात जमायला हवा होता का. हवा होता आणि जमला नाही तर एरर. यात एक मोठी गोम आहे. जो खेळाडू बॉलपर्यंत पोचलाच नाही त्याला एरर लागतच नाही, तो बॅटरचा हिट, म्हणजे त्याने मारून कमावलेला बेस, धरला जातो. म्हणजे जाडा, आळशी, दोन पावलंच हलणारा शॉर्टस्टॉप कागदावर स्वच्छ दिसतो आणि जो जिवाच्या आकांताने पळून बॉलला हात लावतो त्याच्या नावावर चूक चढायची शक्यता जास्त. ऑफिसात कोणाच्या चुका जास्त दिसतात ते आठवा, तसंच. म्हणून आजकाल टीम नुसते एरर मोजत नाहीत, पोचला कुठपर्यंत तेही मोजतात. पण म्हणून ३५ हा आकडा माफ होतो असं नाही हं, ३५ म्हणजे ३५.

आता हा माणूस इथपर्यंत आला कसा? कारण करिअरचा पहिला अर्धा भाग टीव्हीवर दिसतच नाही.

सिमियन तिथलाच, जन्म १९९० चा, ओकलंडच्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोचा. शाळा संपली तेव्हा २००८ च्या ड्राफ्टमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला ३४ व्या फेरीत निवडलं. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे, इथे टीम आळीपाळीने पोरं उचलतात आणि ज्याने उचललं त्याच्याशीच बोलायचं, नाहीतर घरी जा. तेव्हा अशा ५० फेऱ्या व्हायच्या (आता २० च), त्यात ३४ वी म्हणजे लग्नाच्या पंगतीत सगळ्यात शेवटचं पान. त्याने नाही म्हटलं आणि बर्कलीला कॉलेजला गेला. तिथे तर वेगळंच नाटक, २०१० मध्ये युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की पैसे नाहीत, बेसबॉल टीम बंद. माजी विद्यार्थ्यांनी आणि चाहत्यांनी लाखो डॉलर गोळा केले, २०११ च्या एप्रिलमध्ये टीम वाचली, आणि तीच टीम त्याच वर्षी ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे कॉलेज टीमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेपर्यंत, पोचली. शॉर्टस्टॉप कोण, तर सिमियन. मग त्याच व्हाइट सॉक्सने त्याला परत घेतलं, या वेळी सहाव्या फेरीत, एकूण २०१ वा नंबर.

ड्राफ्ट झाला म्हणजे मेजर लीग नाही. खाली मायनर लीगच्या पायऱ्या असतात, सिंगल-ए, मग डबल-ए, मग ट्रिपल-ए. छोटी गावं, रात्र-रात्र बसचा प्रवास आणि पगार असा की वाचून आपल्याला वाटतं टायपिंगची चूक आहे. २०२२ पर्यंत अगदी वरच्या ट्रिपल-ए पायरीवरही किमान पगार वर्षाला १७,५०० डॉलर होता, अमेरिकेत तेवढ्यात एकट्याचं भाडंही धड निघत नाही. २०२३ ला मायनर लीगवाल्यांचा पहिल्यांदा युनियनमार्फत करार झाला तेव्हा तो ३५,८०० झाला. लॅटिन अमेरिकेतल्या पोरांचं अजून वेगळं, डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलात तर ड्राफ्टच नाही, सोळाव्या वर्षी सही होते आणि मायनर लीगच्या मातीत शॉर्टस्टॉप म्हणून घासणाऱ्यांत ही पोरं भरपूर. बहुतेक सगळे चांगले इनफिल्डर लहानपणी शॉर्टस्टॉपच असतात, कारण गल्लीत, शाळेत, गावात जो सगळ्यात चपळ त्याला तिथेच उभं करतात. वर जाता जाता चाळणी लागते. कोणाचा हात कमी पडला तो सेकंडला जातो, कोणाचे पाय जड झाले पण हात दणकट तो थर्डला, आणि ज्याची फक्त बॅटच चालते तो फर्स्टला.

सिमियनने डबल-एमध्ये बर्मिंगहॅमकडून २०१३ चा सीझन असा खेळला की सदर्न लीगचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू, ठरला आणि त्याच सप्टेंबरला वर आला. वर आल्यावर सुरू होतं ते घड्याळ. हा भाग जरा किचकट आहे पण पैशाची सगळी मेख इथेच आहे, म्हणून सावकाश वाचा.

मेजर लीगच्या रोस्टरवर, म्हणजे टीमच्या खेळाडूंच्या यादीत, घालवलेला प्रत्येक दिवस मोजला जातो, त्याला सर्व्हिस टाइम म्हणतात. १७२ दिवस भरले की एक वर्ष. साधारण पहिली तीन वर्षं टीम देईल तेवढ्यावर खेळायचं, आणि टीम देते किमान पगाराच्या आसपास, २०१५ ला तो किमान आकडा ५,०७,५०० डॉलर होता. आपल्याला तो सुद्धा सव्वातीन कोटी म्हणून डोळे पांढरे करतो, पण त्या बाजारात तो शिकाऊचा पगार. तीन वर्षांनंतर आर्बिट्रेशन, म्हणजे टीमने एक आकडा सांगायचा, खेळाडूने एक सांगायचा, जमलं नाही तर लवाद दोघांपैकी एकच आकडा निवडतो, मधला काढत नाही. आणि पूर्ण सहा वर्षं भरली की फ्री एजंट, तेव्हा कुठे पहिल्यांदा माणूस स्वतःला बाजारात विकायला मोकळा. तोपर्यंत टीम त्याला कुठेही ट्रेड, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदल, करू शकते, आणि ठरावीक मर्यादेत खाली मायनरला पाठवूही शकते, विचारायचं कारण नाही.

या घड्याळाशी टीम कशा खेळतात याचा एक प्रसिद्ध किस्सा, तोही इनफिल्डरचाच. शिकागो कब्जचा थर्ड बेसमन क्रिस ब्रायंट २०१५ ला सीझनच्या आधीच्या सराव सामन्यांत होमरनवर होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर, आपला सिक्सर) मारत होता, तरी टीमने त्याला पहिले दोन आठवडे खाली ठेवलं. कारण काय दिलं, तर फिल्डिंगवर काम करायचंय. मग वर आणलं. सीझन संपला तेव्हा त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! त्या एका दिवसामुळे त्याची फ्री एजन्सी अख्खं एक वर्ष लांबली. त्याने तक्रार केली, ती चालली आणि २०२० ला तो हरला. आपल्याकडे २४० दिवस भरू नयेत म्हणून कामगाराला ब्रेक देतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता परत ओकलंड. २०१४ च्या डिसेंबरला व्हाइट सॉक्सने सिमियनला अ‍ॅथलेटिक्सकडे ट्रेड केलं, म्हणजे घरच्याच मैदानावर, ओळखीच्या लोकांसमोर, आणि तिथे हे एररचं रामायण सुरू झालं. लोक म्हणायला लागले हा शॉर्टस्टॉपच नाहीये, याला दुसरीकडे हलवा. टीमने हलवलं नाही, मे महिन्यात रॉन वॉशिंग्टन नावाचा कोच आणला.

वॉशिंग्टन हे या गोष्टीतलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. स्वतः इनफिल्डर, मेजर लीगमध्ये खेळला पण स्टार वगैरे कधीच नव्हता. कोच म्हणून मात्र असा की त्याच ओकलंडचा थर्ड बेसमन एरिक चावेझ, ज्याने सहा गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम फिल्डिंगची बक्षिसं, घेतले, त्याने त्यातली एक ट्रॉफी वॉशिंग्टनला देऊन टाकली. टेक्सास रेंजर्सचा मॅनेजर म्हणून २०१० आणि २०११ ला वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या फायनलपर्यंत, पोचला, २०११ ला तर विजय दोनदा एका स्ट्राइकवर, म्हणजे एका चांगल्या बॉलवर, आला होता आणि दोन्ही वेळा निसटला. २०१४ ला त्याने ती नोकरी सोडली. अशा माणसाकडे हे पस्तीस एररवालं पोरगं आलं.

त्याची पद्धत बघाल तर वाटेल बालवाडी चालू आहे. मॅचच्या कित्येक तास आधी, रिकाम्या मैदानात, खेळाडूला गुडघ्यावर बसवायचं. हातात पसरट छोटा ग्लोव्ह, ज्यात बॉल अडकून बसू शकत नाही, नीट घेतला तरच राहतो. मग समोर थोड्या अंतरावरून बारक्या बॅटने हळूहळू बॉल मारत राहायचं, समोरून, डावीकडून, उजवीकडून, रोज, रोज, रोज. गुडघ्यावर का? कारण पाय बंद केले की सगळं हातावर येतं आणि हात काय चुकतोय ते उघडं पडतं. मग उभं करून पाय. इनफिल्डरचा खरा शत्रू म्हणजे टप्पा. बॉल जमिनीला लागून उठतो तेव्हा लगेच घेतला तर सोपा, पुरता वर येऊ दिला तरी सोपा, मधल्या उंचीवर गाठ पडली की तो छातीवर, हनुवटीवर, कुठेही. चांगला इनफिल्डर बॉलची वाट बघत नाही, तो पुढे-मागे पाय टाकून टप्पा आपल्याला हवा तसा करून घेतो. हे सांगायला दोन ओळी लागल्या, अंगात मुरायला सिमियनला तीन-चार वर्षं लागली. वॉशिंग्टन २०१६ नंतर अटलांटाला निघून गेला, सिमियनने ते ड्रिल सोडलं नाही. २०१८ आणि २०१९ ला तो गोल्ड ग्लोव्हच्या शेवटच्या तिघांत होता. २०१९ ला सगळ्या १६२ मॅच खेळला, ३३ होमरन मारले, एमव्हीपीच्या मतदानात तिसरा आला, आणि एरर किती? १२.

मग पैसे मिळाले का? थोडे. आर्बिट्रेशनमधून २०१९ ला ५९ लाख डॉलर, २०२० साठी १ कोटी ३० लाख. आणि ज्या वर्षाअखेर सहा वर्षांचं घड्याळ पूर्ण होऊन तो मोकळा होणार तेच वर्ष २०२०. कोविड, फक्त ६० मॅचचा सीझन, पगारही त्या प्रमाणात कापलेला, आणि त्यात याची बॅट नेमकी आजारी पडली, अ‍ॅव्हरेज .२२३, म्हणजे साधारण चार-पाच प्रयत्नांत एक हिट. आयुष्यात एकदा दुकान उघडायचं आणि त्याच दिवशी धो धो पाऊस. ओकलंडने त्याला १ कोटी ८९ लाखांची एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफरसुद्धा दिली नाही, जी दिली असती तर तो दुसरीकडे गेल्यावर त्यांना बदल्यात काहीतरी मिळालं असतं. घरचा मुलगा, सहा वर्षं, आणि बाय-बाय.

इथे येतो भाचीचा प्रश्न. टोरंटो ब्लू जेज म्हणाले, एक वर्ष, १ कोटी ८० लाख डॉलर, पण शॉर्टस्टॉपला आमचा बो बिशेट आहे, तू सेकंडला खेळ. पाच-सहा वर्षं घासून जी जागा कमावली ती सोडायची. त्याने मान डोलावली.

सेकंड सोपं म्हणतात कारण थ्रो जवळचा, शॉर्टच्या मानाने निम्म्याच्या आसपास. पण डबल प्लेचं बघा. फर्स्टवर रनर आहे, बॉल शॉर्टकडे गेला, शॉर्टने सेकंडला दिला, तिथे एक आउट, सेकंडवाल्याने वळून फर्स्टला फेकला, दुसरा आउट. शॉर्टस्टॉप हे करतो तेव्हा पळत येणारा रनर त्याला समोर दिसतो. सेकंड बेसमनची मात्र त्याच्याकडे जवळजवळ पाठ असते, बॉल घ्यायचा, हवेत अर्धी गिरकी घ्यायची आणि फेकायचा, आणि तेवढ्यात कोणीतरी पायात घसरत येतंय हे फक्त कानाने कळतं. २०१५ च्या प्लेऑफमध्ये डॉजर्सच्या चेस अटलीने असंच घसरत जाऊन रुबेन तेहादाचा पाय मोडला, तेव्हा पुढच्या वर्षी नियम बदलला, आता बेस सोडून माणसावर घसरता येत नाही.

जवळचा थ्रोसुद्धा डोक्यात गेला की संपलं. न्यूयॉर्क यँकीजचा चक नॉब्लॉक हा गोल्ड ग्लोव्ह घेतलेला सेकंड बेसमन, आणि अचानक त्याला फर्स्टला साधा थ्रो जमेना. शरीर ठणठणीत, फक्त हात ऐकेना. २००० साली त्याचा एक थ्रो सरळ प्रेक्षकांत गेला आणि एका नामांकित टीव्ही अँकरच्या आईच्या चेहऱ्यावर लागला. पुढच्या वर्षी त्याला आउटफिल्डला पाठवलं.

सिमियनचं असं काही झालं नाही, उलट झालं. २०२१ ला कोविडच्या सीमाबंदीमुळे टोरंटोची टीम घरच्या मॅच डनीडिन, बफेलो आणि शेवटी टोरंटो अशा तीन गावांत खेळली, आणि हा पठ्ठ्या त्या सगळ्या धावपळीत १६२ च्या १६२ मॅच खेळला. होमरन ४५. मुख्यतः सेकंड बेस खेळणाऱ्या माणसाने एका सीझनला एवढे कधीच मारले नव्हते, आधीचा विक्रम डेव्ही जॉन्सनचा ४३ चा, १९७३ पासूनचा. आणि फिल्डिंगचा गोल्ड ग्लोव्ह, पहिला. पस्तीस एररवाल्याला! आता थ्रो जवळचा, पण हात आणि पाय शॉर्टस्टॉपच्या तालमीत तयार झालेले, म्हणजे दहावीचा पेपर बारावीच्या पोराने सोडवल्यासारखं झालं.

मग दुकान परत उघडलं, या वेळी ऊन होतं. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये टेक्सास रेंजर्सने सात वर्षांचे साडेसतरा कोटी डॉलर दिले, तेव्हाच्या भावाने तेराशे कोटी रुपयांच्या वर. आयपीएलचा सगळ्यात महागडा लिलाव पंतचा, २७ कोटी. तुलना करू नये पण मन करतंच. हा करार झाला आणि लगेच मालकांनी लॉकआउट लावला, सगळा व्यवहार मार्चपर्यंत ठप्प, आणि वाटाघाटीला बसलेल्या खेळाडूंच्या युनियनच्या आठ जणांच्या कमिटीत सिमियन होताच. ज्याने घड्याळाचे सहा वर्षं चटके खाल्ले तोच तिथे बसावा हे बरंच.

एवढे पैसे घेतल्यावर पहिले दोन महिने एकही होमरन नाही, मेच्या शेवटी आला पहिला. टीम त्या वर्षी ९४ मॅच हरली. आणि पुढच्याच वर्षी, २०२३ ला, वर्ल्ड सिरीजमध्ये.

ती पाचवी मॅच मी इथे पुण्यात पहाटे साडेपाचला उठून बघितली, २ नोव्हेंबर होता आपल्याकडे, बायको म्हणाली दिवाळीच्या अभ्यंगाला कधी एवढ्या लवकर उठला नाहीस. सहा इनिंग टेक्सासला एकही हिट नाही. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला १-० असताना टेक्सासचा एक हिट अ‍ॅरिझोनाच्या सेंटर फिल्डरला चकवून मागे गेला, दोन रन आले, एरर लागला. आणि त्यानंतर सिमियन आला आणि दोन रनचा होमरन मारला, ५-० आणि खेळ खल्लास. रेंजर्सने जिंकलेली पहिली वर्ल्ड सिरीज, जी वॉशिंग्टनच्या हातून दोनदा निसटली होती ती. मला त्या टोपीवाल्या आजोबांची आठवण आली, त्यांनी या वेळी डोळे उघडे ठेवले असतील तर बरं.

इनफिल्डरचं वय झालं की काय होतं? साधारण तिशीनंतर पहिलं पाऊल मंदावतं, आणि या खेळात पहिलं पाऊल गेलं की बाकीची कितीही भरभर टाका. मग बहुतेकांना शॉर्टवरून थर्डला किंवा सेकंडला, तिथून फर्स्टला, असं उतरत जावं लागतं. सलग २,६३२ मॅच खेळणारा कॅल रिपकिनसुद्धा आयुष्यभर शॉर्टस्टॉप आणि १९९७ ला थर्डवर गेला. अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जला २००४ ला यँकीजकडे येताना थर्डला जावं लागलं कारण तिथे शॉर्टला डेरेक जीटर होता, आणि तेव्हा बरेच जण म्हणायचे की दोघांत चांगला शॉर्टस्टॉप अ‍ॅलेक्सच, मीही म्हणतो. ज्यांना एकही जागा पक्की मिळत नाही ते युटिलिटी इनफिल्डर होतात, बॅगेत तीन ग्लोव्ह, आज इथे उद्या तिथे, पण असे लोक टीमला हवेच असतात.

आणि सेकंड बेस हलकी जागा, हे तर आता अजिबात नाही. पूर्वी टीम इनफिल्डर हव्या त्या बाजूला गर्दी करून उभे करायच्या. २०२३ पासून नियम आहे, सेकंड बेसच्या प्रत्येक बाजूला दोघंच, आणि चौघांचेही पाय मातीच्या हद्दीत. म्हणजे सेकंडवाल्याने आपला पट्टा आपणच राखायचा, शेजारच्याची मदत नाही.

सिमियनचा २०२५ चा सीझन ऑगस्टमध्ये पायाच्या दुखापतीने संपला आणि नोव्हेंबरमध्ये रेंजर्सने त्याला न्यूयॉर्क मेट्सकडे ट्रेड केलं, बदल्यात आउटफिल्डर ब्रँडन निमो. करार २०२८ पर्यंतचा, तोवर वय सदतीस-अडतीस. तिथे शॉर्टला फ्रान्सिस्को लिंडोर, त्याच्या शेजारी सेकंडला हा.

भाचीला मी हे एवढं सगळं सांगितलं नाही, फक्त गुडघ्यावर बसून करायच्या ड्रिलचा व्हिडिओ पाठवला. दोन दिवस ब्लू टिक आणि शांतता. मग मेसेज आला, "मामा, गच्चीत टेनिसच्या बॉलने केलं तर चालेल का?" चालेल म्हटलं, पण आईच्या कुंड्या सांभाळ. संध्याकाळी ताईचा फोन आला, तुळस वाचली, जास्वंद गेली.